भायेरचा मानूस

मुक्ता, ईशान,

गेल्या रविवारी ईशानने फोनवर विचारलं, "आजी, आमच्या इथे पोलिसांच्या गोळीने कुणी मेलं तर पोलीस स्वतः चौकशी करत नाहीत. बाहेरची माणसं येऊन करतात. तुमच्याकडे असं असतं का?" मी म्हटलं, "असतं की," आणि लगेच तुमच्याकडच्या बर्फाचं विचारलं. मी खोटं बोलले नाही, पण सगळं सांगितलंही नाही. ते आता क्रमाने सांगते.

इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं आणि तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यातली मुख्य गोष्ट इंग्रजीत नेली की मरते. म्हणून मराठीत लिहिते आहे. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा. आणि आत्ताच लिहिते आहे, कारण जिच्याबद्दल लिहायचं ती मागच्या महिन्यात गेली. ती असती तर भिंतीवरून मान काढून म्हणाली असती, "बाई, काय लिवून राहिल्या?" आणि मला सगळं वाचून दाखवावं लागलं असतं.

तिचं नाव मी लिहीत नाही. ते सरकारी कागदात आहे, तेवढं पुरे.

"भायेरचा मानूस आना." हे तिचं वाक्य. भांडण कसलंही असो, शेळीने कुणाचा हरभरा खाल्लेला असो की नळावर कुणी घागर पुढे सरकवलेली असो, ती गावातल्या कुणाचा निवाडा मानायची नाही. "इथले समदे येकमेकाचे सोयरे. भायेरचा मानूस आना." आपला रस्ता औंढ्याच्या देवळाकडे जातो, त्यामुळे बाहेरच्या माणसांना तोटा नव्हता. ती तडक रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहायची. एक हात कमरेवर, दुसरा सरळ पुढे. दर्शनाला निघालेली गाडी कचकन थांबायची.

"भाऊ, कुटले तुमी?"

परभणी किंवा नांदेड म्हटलं की, "जा तुमी, लई जवळचे हाय." नाशिक, सोलापूर म्हटलं की तो माणूस सापडलाच. मग दोन्ही पक्ष खिडकीशी उभे करून ती खटला चालवायची. आत बायका पूजेचं ताट मांडीवर घेऊन बसलेल्या, मागे दुसऱ्या गाड्या हॉर्न देताहेत, आणि कुणी बिचारा नाशिकचा कापड व्यापारी हरभऱ्याच्या नुकसानीचा निकाल देतो आहे. निकाल तिच्या विरुद्ध गेला तरी ती मानायची. फक्त गाडी दिसेनाशी झाली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

तुम्ही तिला पाहिलेलं आहे. तुम्ही लहानपणी आला होतात तेव्हा तिने तुमच्या बाबांचीच गाडी अडवली होती. वादी मी, आरोपी तिच्या शेळ्या. मुक्ताने काचेतून निकाल दिला होता, "शेळ्यांना भूक लागली होती ना." ती टाळ्या वाजवून म्हणाली, "पाहा बाई, लेकरू भायेरचं हाय, म्हनून खरं बोललं!" मी खटला हरले ते तुमच्या समोर.

ती धनगराची. थोड्या मेंढ्या, थोड्या शेळ्या, आणि आपल्या भिंतीपलीकडे कुडाचं खोपट. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तिचंही नवीनच लग्न झालं होतं. माझी तिची पहिली ओळख माझ्या जास्वंदीवरून झाली. एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, माझ्या शेळ्या तुमची जास्वंद खाऊन राहिल्या!" मी पुण्याहून नवीन आलेली. मला वाटलं, खाऊन झालं आहे आणि आता त्या तिथे नुसत्या बसल्या आहेत. गेलेली जास्वंद काही परत येणार नव्हती, म्हणून मी हातातला चहा शांतपणे संपवला. बाहेर आले तर शेवटची फांदी शेळीच्या तोंडात होती.

"मी वरडून राहिले, आन तुमी च्या पिऊन राहिल्या!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "तुमाला मराठी येत न्हाई का?"

तेव्हा मला कळलं. इकडे 'खाऊन राहिली' म्हणजे आत्ता, या क्षणी खाते आहे. 'येऊन राहिला' म्हणजे वाटेवर आहे, येतो आहे. शाळेत मी पोरांना इंग्रजीतला चालू काळ शिकवायचे तेव्हा हेच उदाहरण द्यायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ती प्रेमळ नव्हती. बायका तिला टरकून असत. कुणाच्या सुनेला मूल होत नाही, कुणाचा नवरा कुठे जातो, हे ती नळावर मोठ्याने बोलायची आणि समोरची रडायला लागली की म्हणायची, "रडू नगं, घागर भर, पानी जाऊन राहिलं." सगळ्यात वाईट बोलायची ती स्वतःच्या मुलाला. उशिरा झालेला एकुलता एक मुलगा, आणि तो लहान असतानाच नवरा वारलेला. उंच, हसतमुख, जरा संथ डोक्याचा. त्याला ती 'मुडद्या'खेरीज दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. "मुडद्या, जेवून घे." "मुडद्या, थंडीचं घोंगडं काहून घेतलं न्हाई?" तो लांब माळावरून ओरडायचा, "आलो गं माय!" आणि खरंच पळत यायचा. चालताना मी त्याला क्वचितच पाहिलं.

तुम्ही येऊन गेलात त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या भागात मेंढ्या चोरीला जात होत्या. पिकअप गाडी यायची, जाळीतल्या मेंढ्या भरायची आणि वारंगा फाट्यावरून मोठ्या रस्त्याला लागायची. एका पहाटे नुकतं दिसू लागलं होतं तेव्हा तिच्या मेंढ्या भरल्या गेल्या. मुलगा उठला, पाला तोडायची कुऱ्हाड हाताला लागली ती घेतली आणि गाडीमागे पळत सुटला. त्या गाडीच्या मागावर नेमके पोलीसही होते. त्यांना दिसलं ते असं: पुढे चोरांची गाडी, आणि तिच्या मागे कुऱ्हाड घेऊन पळणारा माणूस. गाडीत चढायचा राहिलेला चोर समजून त्यांनी गोळी घातली. गाडी निघून गेली. मेंढ्याही गेल्या.

दुपारपर्यंत पोलिसांची गोष्ट तयार होती. तो टोळीतलाच होता, कित्येक महिने फरार होता, आणि कुऱ्हाड घेऊन अंगावर आला. गोळी पाठीत होती. अंगावर येणाऱ्याच्या पाठीत गोळी कशी, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तिला प्रेत मिळालं. कुऱ्हाड मिळाली नाही, ती पुरावा होती. ती शिपायाला म्हणाली, "मंग उद्या पाला कशानं तोडू?" जमलेले लोक एकमेकांकडे बघून म्हणाले, बाई दगडाची आहे. मीही तिथे होते. मला ती दगडाची वाटली नाही. राहिलेल्या शेळ्या उद्याही खाणार होत्या, एवढंच तिला त्या क्षणी समजत होतं. मात्र 'मुडद्या' हा शब्द तिने त्या दिवसापासून टाकला. शेळ्यांना शिवी द्यायची वेळ आली की तोंड उघडायची आणि नुसतीच थुंकायची.

मग तिला एकच गोष्ट हवी होती. भरपाई नको, नोकरी नको. तिच्या पोराच्या नावापुढचा 'फरार' हा शब्द काढायचा. "माझं पोरगं कवा बी घराभायेर निजलं न्हाई. फरार काहून म्हनता?" एवढंच ती येईल त्याला विचारायची.

अधिकारी म्हणाले, जिल्ह्यातल्याच मोठ्या साहेबांकडून चौकशी करू. ती तहसील कचेरीच्या दारात शेळ्या घेऊन बसली. "इथला येक बी मानूस नगं. भायेरचा आना." पायरीवर लेंड्या, व्हरांड्यात लेंड्या. कारकून नाक दाबून आत-बाहेर करत होते. एकाने म्हटलं, "आजी, उठा, साहेब येऊन राहिले." ती म्हणाली, "तुजा सायेब इथलाच. त्याला काय पाहू?" हळूहळू आम्ही काही जण तिच्या शेजारी जाऊन बसलो. पेपरात आलं. शेवटी सरकारने मानलं. मुंबईकडचे एक निवृत्त न्यायाधीश येणार, आणि त्यांच्यासोबतची सगळी माणसं बाहेरची. लिहून घेणारा बाहेरचा, कागद हलवणारा बाहेरचा. खोलीत पाणी ठेवणारा शिपाईसुद्धा या जिल्ह्याचा नको, हे तिनेच कबूल करून घेतलं. चौकशी इतकी निर्मळ झालेली आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती.

सरकारी विश्रामगृहात तिचा जबाब झाला. मी सोबत गेले, पण मी इथली, म्हणून मला व्हरांड्यात बसवलं. तासाभराने ती बाहेर आली ती उजळ चेहऱ्याने.

"बाई, सायेब लई भला मानूस. मला खुर्ची देली, पानी देलं. मधी येकदा बी 'गप बस' म्हनला न्हाई."

"काय लिहून घेतलं?"

"मी बोलले तेच. लिवलेलं वाचून दाखवलं, मंग अंगठा घेतला. येक शब्द हिकडचा तिकडं न्हाई. बराबर लिवलंय."

त्या दिवशी गाव तिला जिंकलेली समजलं. तिच्याशी वर्षानुवर्षं न बोललेल्या बायका येऊन बसल्या, आणि तिने त्यांचाही जुना हिशोब काढून त्यांना रडवून परत पाठवलं.

अहवाल पुढच्या उन्हाळ्यात आला. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांनी मला प्रत दिली. आपल्या व्हरांड्यात बसून मी तिला तो वाचून दाखवला. तिच्या जबाबातला मुख्य भाग असा होता:

तुमचा मुलगा त्या वेळी घरी नव्हता का?

नाही. पळून राहिला होता.

कशामुळे?

मेंढरांपायी.

पोलिसांना हे माहीत होतं?

होय, त्यांनी पाहिलं ना.

आता तुमच्या आईला विचारा. ती पुण्याची आहे. 'पळून राहिला होता' म्हणजे काय, असं विचारा. ती सांगेल, पळून गेला होता आणि कुठेतरी लपून राहत होता. मुंबईच्या न्यायाधीशांनाही तेच ऐकू आलं. मेंढरांपायी, म्हणजे मेंढ्यांच्या चोरीमुळे. पोलिसांनी पाहिलं, म्हणजे पोलीस त्याच्या मागावर होतेच. ती सांगत होती की माझं पोरगं मेंढ्यांसाठी पळत होतं आणि पोलिसांनी ते डोळ्यांनी पाहिलं. अहवालात निष्कर्ष होता, की मयत फरार होता हे त्याच्या जन्मदात्या आईनेच कोणत्याही दबावाशिवाय मान्य केलं आहे. गोळी पाठीत लागली, त्याचंही उत्तर त्यातच निघालं होतं. पोलिसांची 'अंगावर आला' ही गोष्ट मागे पडली, पण तिची गरज उरली नव्हती. फरार माणूस पळणार, आणि पळणाऱ्याला गोळी पाठीतच लागणार. पोलीस निर्दोष.

त्या न्यायाधीशांना दुष्ट म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी तिला खुर्ची दिली होती, शेवटपर्यंत ऐकलं होतं, आणि तिचं वाक्य होतं तसं उतरवलं होतं. खोलीत या भागातला एक साधा शिपाई जरी असता तरी तो हसून म्हणाला असता, साहेब, तसं नाही. पण तसा माणूस नको, हीच तर अट होती.

मी तिला हे समजावलं. ती जमिनीकडे बघत ऐकत होती.

"पन मी तर असंच बोलले व्हते."

"हो."

"मंग त्यायनी चूक कुटं लिवलंय?"

"चूक कुठेच लिहिलेलं नाही."

ती हसली. ते हसणं मला नको होतं. "म्हंजे पोलिसानं गोळी घातली, आन फरार म्या केला," ती म्हणाली.

वकिलांनी फेरचौकशीचा अर्ज केला. एकच बैठक मिळाली, त्याच न्यायाधीशांसमोर, उघड, जिल्ह्याच्या सभागृहात. या वेळी कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून तिने मला विचारलं, "बाई, तुमच्या मराठीत कसं म्हनत्यात?" मी सांगितलं, "मेंढ्या नेणाऱ्या गाडीच्या मागे माझा मुलगा पळत होता." ती रोज माळावर ते घोकायची. शेळीच्या पाठीत काठी घालून म्हणायची, "पळत होता. म्हन की गं, पळत होता." तिच्या तोंडात तो 'पळत होता' नवीन चपलेसारखा कुरकुरायचा.

सभागृहात तिने ते वाक्य स्वच्छ म्हटलं. न्यायाधीशांनी मान वर केली. पोलिसांचे वकील उठले.

"आजी, मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं. आता अगदी पुस्तकातलं बोलताय. कुणी शिकवलं?"

"आमच्या बाईनं," तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"किती वेळा?"

"रोज शिकवलं. लई तकलीफ घेतली त्यायनी."

मागच्या बाकांवर हशा झाला. पोलीसही हसले. मी उभी राहिले आणि न्यायाधीशांना म्हणाले, की या भागात 'पळून राहिला' म्हणजे 'पळत होता', मी भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, मला दोन मिनिटं द्या. ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "आपण याच गावच्या ना? ही त्रयस्थ चौकशी आहे. स्थानिक व्यक्तीकडून अर्थ घेता येणार नाही. आणि मराठीतून मराठीत भाषांतर कसलं? मीही मराठीच आहे, बाई."

अर्ज निकाली निघाला. पहिला जबाब स्वाभाविक आणि विश्वासार्ह, दुसरा शिकवलेला, असं त्यांनी लिहिलं. त्यातलंही एक अक्षर खोटं नव्हतं.

परत येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. उतरल्यावर म्हणाली, "माझी जीभ काढून तुमची घातली माझ्या तोंडात. ती बी कामाची न्हाई निघाली." दुसऱ्या दिवशी तिने शेळ्या मुद्दाम माझ्या आवारात सोडल्या आणि भिंतीपलीकडे पाठ करून बसली. या वेळी हाक मारली नाही. मी पण बाहेर गेले नाही. खाऊ दिलं.

चहाच्या टपरीवर नवे शिपाई एकमेकांना विचारायचे, "काय रे, कुठं पळून राहिला?" आणि ती जवळून जात असली की आवाज चढवायचे. ती शेळ्या हाकत पुढे जायची. जिने आख्ख्या गावाला बोलून रडवलं होतं, तिला उत्तर सुचत नव्हतं. जे शब्द तिच्याकडे होते त्यातला कुठला आपल्यावरच उलटेल याचा तिला भरवसा राहिला नव्हता. पुढे पुढे ती क्रियापदच गाळायला लागली. "बाई, पानी." "बाई, ऊन." "शेळी, तिकडं." एवढंच.

एक मात्र सुरू ठेवलं. दर्शनाच्या गाड्या अडवणं. पण आता भांडण नसायचं, समोर दुसरा पक्ष नसायचा. ती एकटी खिडकीशी जायची. "भाऊ, कुटले तुमी? 'पळून राहिला' म्हंजे काय?" अमरावतीचा, अकोल्याचा माणूस म्हणायचा, "म्हंजे पळतोय, अजून काय?" कोल्हापूरचा, साताऱ्याचा म्हणायचा, "कोण पळून गेलं, आजी? पोरगी का?" आणि गाडीतली माणसं हसायची. काही जण तिला भिकारीण समजून हातावर प्रसादाचं केळं ठेवायचे. ते ती शेळीला घालायची. दिवसाकाठी ती मला भिंतीवरून निकाल सांगायची. "आज तिकडचे जास्त," किंवा "आज आपले जास्त." आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते यावरच.

या हिवाळ्यात तिला ताप आला तो उतरला नाही. दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. तिथे जबाब घेतात, असं म्हणाली. मी पेज घेऊन जायचे. शेवटच्या दिवसांत एकदा तिने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला मेंढ्यांचा उग्र वास अजून होता, जरी मेंढ्या कधीच्या गेल्या होत्या.

"बाई, म्या बराबर बोलले व्हते ना?"

"बरोबर बोलली होतीस."

"मंग?"

मी पेजेची वाटी पुढे केली. तिने ती घेतली नाही, डोळे मिटून घेतले.

तिच्या दिराने शेळ्या नेल्या आणि खोपट मोडून कूड चुलीला घातला. मुलाचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. पोलिसांनी काढला होता तो एकच, आणि तो अहवालाला जोडलेला आहे. त्या खोलीत बसलेले न्यायाधीशही आता नाहीत, असं ऐकते. कुऱ्हाड कुठे आहे ते मला कळलं नाही.

अहवाल आहे. जिल्ह्याच्या कचेरीत, मागच्या खोलीत, कपाटात आहे. मी जाऊन पाहिला. त्यात तिचा मुलगा अजून फरार आहे. त्याखाली तिचा अंगठा आहे. ती आयुष्यभर मोठ्याने बोलली, पण तिच्या तोंडचं जपून ठेवलेलं असं ते एकच वाक्य आहे, आणि ते बरोबर लिहिलेलं आहे.